साइडकारच्या अर्ध्या हिश्श्याबाबत

मी, नीना पुरुषोत्तम कारखानीस, माहेरची गुप्ते, वय बासष्ट, राहणार लेस्टर, हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. सहीनंतरच्या गुरुवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही तसेच म्हणतात, आणि त्यांना मला खूश करण्याचे काही कारण नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे एक गृहस्थ आहेत, त्यांची गाठ सहाव्या कलमात पडेल. याआधी मी केलेले इच्छापत्र आता रद्द समजावे. ते पुरुषोत्तमबरोबर एकाच दिवशी केले होते. त्यात आम्ही दोघांनी एकमेकांना सगळे देऊन टाकले होते, आणि दोघांपैकी एकालाच ते वापरावे लागले.

सॉलिसिटर म्हणाले, इंग्रजीत लिहा, सोयीचे पडेल. इंग्रजी भाषांतर ते जोडतीलच. पण मूळ कागद हाच. माझे सारे शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटात झाले. नन्सनी मला इंग्रजी शिकवले ते आभार मानण्यापुरते आणि क्षमा मागण्यापुरते. त्या भाषेत मला धड चिडताही येत नाही. आणि या कागदात मला थोडे चिडायचे आहे.

कलम एक : घर आणि व्यवस्था

राहते घर माझी मुलगी स्वराली हिला. ती कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. घर तिने ठेवावे किंवा विकावे. आईची आठवण म्हणून ते कुलूप लावून ठेवू नये, आठवणींना ओल येते. विकताना मागच्या दाराची चौकट वाकडी आहे हे प्रामाणिकपणे सांगावे. ती पुरुषोत्तमने स्वतः बसवली होती. इंजिनात केसाएवढा फरक सहन न होणारा माझा नवरा दारात बोटभर फरक ठेवून शीळ घालत आत आला होता. ते दार मी कधी दुरुस्त करू दिले नाही.

या इच्छापत्राची अंमलबजावणीही स्वरालीनेच करावी. कागदपत्रे जावई सुयश तिला समजावून सांगेल. तो पुण्याचा आहे, त्यामुळे न विचारताही सांगेल. मुलगा गुणी आहे.

कलम दोन : बचत

बँकेतल्या बचतीचा दहावा भाग शर्यतीच्या मार्शल लोकांच्या चहापाण्यासाठी क्लबकडे द्यावा. केशरी कपडे घातलेली ही माणसे पगाराशिवाय दिवसभर वळणावर पावसात उभी राहतात आणि आमच्यासारख्यांना चिखलातून उचलतात. त्यांना मिळणारा चहा गार असतो. तो गरम मिळावा. हा पैसा क्लबच्या कमिटीने स्वतःच्या वार्षिक जेवणावर खर्च केल्यास मी परत येऊन त्यांच्या खुर्च्यांमागे उभी राहीन. उरलेली बचत स्वरालीची.

कलम तीन : साड्या, दागिने आणि डबे

दागिने स्वरालीला. साड्या तिला नेसता येत नाहीत, तिने त्यांचे पडदे केले तरी चालतील. पैठणीचे मात्र करू नयेत.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षीणबाई स्वाती यांच्याकडे माझे स्टीलचे तीन मोठे डबे आहेत. एका गणपतीला मी त्यांतून करंज्या नेल्या होत्या. ते डबे मी त्यांना या कलमान्वये देत आहे, म्हणजे ते त्यांच्याकडे आहेत याला आता चांगले नाव मिळेल. त्याच गणपतीत, आरतीच्या रांगेत, दहा जणींना ऐकू जाईल अशा बेताने त्या मला म्हणाल्या होत्या, “अगं नीना, या वयात लेदरची पँट घालून नवऱ्याच्या गाडीला लोंबकळतेस म्हणे! पडलीबिडलीस म्हणजे?”

“पडले तर मंडळाला श्रद्धांजलीचा एक कार्यक्रम मिळेल,” मी म्हटले. “निवेदन तुझंच.”

ते निवेदन त्यांनी करू नये, एवढी माझी विनंती आहे.

कलम चार : अंत्यविधी

दहन साधे करावे. अस्थी कुठल्याही सर्किटच्या वळणावर टाकू नयेत. क्लबात हे एक नवे खूळ आले आहे. मेल्यावर रस्ता निसरडा करणे ही शर्यतीवरच्या प्रेमाची खूण आहे असे मला वाटत नाही. पुरुषोत्तमला जिथे सोडले त्याच नदीत मला सोडावे.

कलम पाच : लेदरचा सूट, हेल्मेट, हातमोजे

हे तिन्ही जावई सुयशला. सूट त्याला होणार नाही, पण त्यावरून त्याने नवा शिवून घ्यावा आणि शिंप्याला दाखवावे की डावा खांदा, डावी मांडी आणि दोन्ही गुडघे इथे दुहेरी कातडे लागते. का लागते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण हा कागद सॉलिसिटरच्या कार्यालयातही वाचला जाईल आणि तिथली मुलगी मला म्हणाली होती, “हाऊ स्वीट, तुम्ही साइडकारमध्ये बसायचात?”

बसायचे नसते. शर्यतीच्या साइडकारमध्ये टोपली नसते, गादी नसते, काच नसते. मोटारसायकलच्या डाव्या अंगाला एक सपाट फळी, तिला तिसरे चाक आणि धरायला दोन-तीन कड्या. या सबंध तीनचाकीला आउटफिट म्हणतात. चालवणारा पुढे, आणि फळीवर जो असतो तो पॅसेंजर. हे नाव ज्याने ठेवले तो नक्की चालवणारा असणार. डावे वळण आले की डावे चाक उचलू लागते, म्हणून पॅसेंजर सगळे अंग बाहेर टाकतो, इतके की खांद्याला डांबर लागते. उजवे वळण आले की त्याच अंगाने सरपटत चालवणाऱ्याच्या पाठीमागून मागच्या चाकावर जाऊन पडायचे. मध्ये सरळ रस्ता असेल तेवढाच श्वास. चालवणारा चुकला तर दोघे पडतात, पॅसेंजर चुकला तरी दोघेच पडतात, आणि जिंकले तर कप मोठा चालवणाऱ्याला मिळतो, पॅसेंजरला त्याचे पिल्लू. क्लबच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या पहिल्या पूर्ण हंगामात छापलेले असे : ‘पी. कारखानीस आणि पॅसेंजर.’ मी सेक्रेटरीला म्हटले की पॅसेंजरला नाव आहे. तो फार सौजन्याने म्हणाला, “जागा नसते, मॅडम.” त्याच पानावर टायरवाल्याची जाहिरात अर्धे पान पसरली होती.

लोकांना आश्चर्य वाटे की पंचावन्न वर्षांच्या बाईला हे जमते कसे. त्याचे श्रेय नन्सना आहे. चॅपेलच्या दगडी फरशीवर तासन् तास ताठ गुडघ्यांवर राहायचे, मागच्या मुलीने चिमटा काढला तरी हलायचे नाही, आणि चेहरा शांत ठेवायचा. साइडकारच्या पॅसेंजरला एवढेच शिक्षण लागते. बाकी धाडस वगैरे पुरुषांच्या गप्पा आहेत.

कलम सहा : आउटफिट

आता मुख्य गोष्ट. माझ्या गॅरेजात साठच्या दशकातली बीएसए कंपनीची साडेसहाशे सीसी आउटफिट आहे. तिच्यासाठी पुरुषोत्तमने जमवलेला व्हिटवर्थ पान्यांचा पूर्ण संच आहे. जुन्या इंग्रजी नटांना दुसरे पाने बसत नाहीत. पाने, सुटे भाग, दोन जादा कार्ब्युरेटर आणि स्टँड हे सर्व निर्विवादपणे स्वरालीचे. गाडीबद्दल तसे निर्विवाद म्हणता येत नाही, कारण मध्ये उदय विष्णू कारखानीस आहेत.

उदयभावजी म्हणजे पुरुषोत्तमचे धाकटे भाऊ. बर्मिंगहॅमला बँकेत अधिकारी होते, आता निवृत्त. अविवाहित आहेत, त्यात कोणा अज्ञात स्त्रीचे पूर्वपुण्य असावे. त्यांच्यासारखा आत्मविश्वास मी दुसऱ्या कोणत्याही माणसात पाहिलेला नाही, आणि एवढ्या कमी भांडवलावर तर नाहीच. ते काही वाचत नाहीत. गाडी आणली तेव्हा ती खोक्यांत होती, सांगाडा वेगळा, इंजिन वेगळे. मेल्टनकडच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात ती पडून आहे हे भावजींनीच शोधून काढले होते, तेवढे मी मान्य करते. पुरुषोत्तम टेबलावर मॅन्युअल उघडून बसला तर हे म्हणाले, “दादा, पुस्तक ज्यांना गाडी कळत नाही त्यांच्यासाठी असतं.” आणि गाडी जोडून होताच तेल न घालता किक मारली. त्या आवाजाने हंसाबेन शेजारच्या घरातून लाटणे घेऊन बाहेर आल्या होत्या.

मूळ बेत असा की पुरुषोत्तम चालवणार आणि भावजी पॅसेंजर. पहिल्या सरावात दुसऱ्या वळणापर्यंत ते पॅसेंजर होते. त्यानंतर ते सामान होते. गाडी परत आली तेव्हा कड्या इतक्या घट्ट धरलेल्या होत्या की बोटे एकेक करून सोडवावी लागली. रंग दुधी भोपळ्यासारखा. हेल्मेट काढून त्यात त्यांनी जे केले ते मी लिहीत नाही.

“मागे पडून राहणं हे माझं काम नाही, दादा,” ते नंतर म्हणाले. “मी चालवणारा माणूस आहे.”

“चालवायला मी आहे की,” पुरुषोत्तम म्हणाला. “मला मागे कोणीतरी हवंय.” आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी थर्मास आणि तिखटामिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन उभी होते.

“नीना, तुझं वजन किती गं?”

“लग्नात विचारलं नाहीस ते आत्ता विचारतोस?”

असे ते सुरू झाले. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत असू, फक्त सासूबाईंसमोर अहो-जाहो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला नवऱ्याच्या पाठीची खरी ओळख झाली ती त्या फळीवर. पुढल्या हंगामांत आम्ही मॅलरीच्या सर्किटवर पळालो, कॅडवेलच्या सर्किटवर पळालो, कधी शेवटून दुसरे, एकदा शेवटचे, आणि एका ओल्या शनिवारी, चांगले चांगले घसरून बाहेर गेल्यामुळे, तिसरे. ते पिल्लू माझ्या देवघरात आहे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हातात हात घालून सबंध सर्किट पायी चालत असू. तो वळण बघायचा, मी वळणाआधीचा रस्ता बघायची, म्हणजे कुठून निघायचे ते. इंग्रज लोक व्हॅनमधून मान बाहेर काढून आम्हाला पाहत. त्यांना वाटे, म्हातारा-म्हातारी फिरायला निघाली आहेत. तेही खरेच होते.

आमची एक पद्धत होती. आमच्या वर्गाची सुरुवात जुन्या रीतीने ढकलून व्हायची. झेंडा पडला की चालवणारा बाजूने आणि पॅसेंजर मागून गाडी ढकलत पळतात. इंजिनाने पकड घेतली की चालवणारा उडी मारून बसतो, आणि पॅसेंजरने चालत्या गाडीवर चढायचे. इथे सगळ्यांना घाई असते. पुरुषोत्तमला नसे. मी फळीवर चढून त्याच्या पाठीवर दोन थापा मारीपर्यंत तो पूर्ण वेग देत नसे. सगळे पुढे जात. क्लबवाले हसत. कोणी म्हणे, मिस्टर कारखानीस फार सभ्य आहेत. तो म्हणे, “सभ्यता कसली? अर्धी गाडी खाली उभी ठेवून जाऊ का?”

तो गेला दोन हजार पाच साली, घरात, झोपेत. शर्यतीशी त्याच्या मृत्यूचा काही संबंध नव्हता. हे लिहावे लागते, कारण मंडळात वेगळे सांगितले जाते.

पुढच्या वसंतात भावजी म्हणाले, “वहिनी, दादाच्या आठवणीसाठी एक रेस धावू. मी चालवतो.” आठवणीसाठी म्हटल्यावर मी विरघळले. आदल्या संध्याकाळी मी म्हटले, चला, सर्किट चालून येऊ. ते म्हणाले, टीव्हीवर पाहिलंय. मी थापांचे सांगितले. ते म्हणाले, “हो हो, वहिनी, कळलं.”

झेंडा पडला. आम्ही ढकलले. इंजिनाने पकड घेतली, भावजींनी उडी मारली, मी कडी धरायला हात उचलला, आणि ते गेले. मी हात वर करून सर्किटच्या मध्ये उभी, दोन्ही बाजूंनी इतरांच्या गाड्या सुसाट. एका मार्शलने मला कमरेला धरून गवतावर ओढले. पहिलेच वळण डावे होते. फळी रिकामी. चाक उचलले ते उचललेच, आणि भावजी गाडीसकट गवताच्या गठ्ठ्यांत शिरले. त्यांना खरचटलेदेखील नाही. निसर्गात न्याय नाही, तो असा. गाडीची फळी मात्र मोडली आणि हँडल वाकले.

“वहिनी, तुम्ही चढलाच नाहीत!” हे त्यांचे पहिले वाक्य.

“भावजी, तुम्ही थांबलाच नाहीत.”

“थांबलो असतो तर इंजिन बंद पडलं असतं.”

“पुरुषोत्तमच्या वेळी कसं पडलं नाही?”

यावर ते केसांतले गवत काढत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांचे क्लबात सगळ्यांना सांगून झाले होते की वहिनी वयामुळे पडल्या. पुढच्या आठवड्यात मंडळात. आजही सांगतात, हळहळून सांगतात, जणू मला सांभाळून घेत आहेत. मी पडले नव्हते. कोणत्याही शर्यतीत, कोणत्याही वळणावर, मी कधीच पडले नाही. हे वाक्य सॉलिसिटरने भाषांतरात ठळक करावे.

त्यानंतर मोडलेली गाडी स्वरालीने उभी केली. दर शनिवारी कार्डिफहून यायची, बापाचे पाने घेऊन गॅरेजात शिरायची आणि रविवारी काळी होऊन बाहेर पडायची. मॅन्युअल वाचून, प्रत्येक पान. गेल्या शरदात एका सरावाच्या दिवशी ती पुढे आणि मी मागे अशा आम्ही पळालो. मी तिला काही सांगितले नव्हते. इंजिनाने पकड घेतली, ती बसली, आणि हळू चालवत राहिली. मी चढले. तरी वेग देईना. मग मला कळले ती कशाची वाट पाहते आहे. मी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या. हेल्मेटमध्ये रडू नये, काच धुरकट होते.

आता मी चढू शकणार नाही, म्हणून सुयश तिचा पॅसेंजर आहे. हलका आहे, बोलत नाही, पोट सपाट आहे. येत्या एप्रिलमध्ये हंगामाची पहिली शर्यत आहे, तिथे तिने नाव दिले आहे. तिच्या बापाची गाडी, ती पुढे. तिला आयुष्यात दुसरे काही इतके हवे असलेले मी पाहिलेले नाही.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी भावजी माझ्या प्रकृतीची चौकशी करायला आले. चौकशी दोन मिनिटांत आटोपली.

“वहिनी, बर्मिंगहॅममध्ये एकाशी बोललोय. जुन्या गाड्या जमवतो. काचेची शोरूम आहे, वर दिवे. गाडी तिथे काय शोभेल!”

“गाडी पळायला आहे, शोभायला नाही.”

“पळवणार कोण पण? दादा गेला. तुम्ही आता...” ते माझ्या पोटाकडे पाहून थांबले.

“मी पळवणार, काका,” स्वराली म्हणाली. “एप्रिलचा एन्ट्री मी दिला आहे.” तिचे लिंग-वचन कौन्सिलच्या शाळेत हरवले, पण मुद्दा हरवत नाही.

“तू मागे बस, बाळा. मागे मुलगी चालते. हँडल ही वेगळी गोष्ट असते.”

“तुम्ही हँडल धरला तेव्हा काय झाला?”

“तेव्हा वहिनी पडल्या.”

सुयश सिंकशी भांडी विसळत होता. पाठमोराच म्हणाला, “काका, पडायला आधी चढावं लागतं.”

भावजी लाल झाले. “हे बघा, अर्धी गाडी माझी आहे. दादाने शब्द दिलाय. माझ्या परवानगीशिवाय ती गॅरेजच्या बाहेर निघणार नाही. निघाली तर शोरूमला जाईल. बस्स.”

दुर्दैवाने शब्द दिला होता. खोकी घरी आणली त्या दिवशी पुरुषोत्तम भावाच्या खांद्यावर हात ठेवून माझ्यासमोर म्हणाला होता, “उदय, अर्धी तुझी.” कायद्याने गाडी आज सबंध माझी आहे. सॉलिसिटर म्हणाले, तोंडी शब्दाला काही किंमत नाही. त्यांच्याकडे नसेल.

म्हणून मी लिहिते : आउटफिटचा अर्धा हिस्सा स्वरालीला आणि अर्धा हिस्सा उदय विष्णू कारखानीस यांना. दोघांच्या संमतीशिवाय गाडी हलवू नये. भावजींना हे मी मायेने देत नाही, कर्तृत्वासाठी तर नाहीच नाही. नवऱ्याने दिलेला शब्द बायकोने मोडू नये म्हणून देते. याचा अर्थ एप्रिलमध्ये काय होईल हे मला ठाऊक आहे. स्वरालीलाही ठाऊक आहे. मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती गॅरेजात जाऊन पाने पुसत बसली.

कलम सात : साक्षीदार

त्याच रविवारी निघताना भावजी दारात म्हणाले, “आणि वहिनी, साक्षीदार म्हणून सही मी करणार हं. घरातला वडील माणूस आता मीच.” मंडळाच्या प्रत्येक कागदावर त्यांची सही असते. सहीला ते मान समजतात.

मी म्हटले, “जरूर. पण आधी वाचा.”

“तुम्ही लिहिलंय म्हणजे काय वाचायचं?”

तेव्हा इथे स्वच्छ लिहिते. या देशाचा कायदा असा आहे की इच्छापत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या इच्छापत्रातून काही मिळत नाही. इच्छापत्र टिकते, साक्षीदाराला दिलेली वस्तू तेवढी गळून पडते. भावजींनी सही केली, तर सहाव्या कलमातला त्यांचा अर्धा हिस्सा रद्द होईल, आणि तसे झाल्यास तो हिस्साही स्वरालीला जावा, अशी व्यवस्था मी करत आहे. मग गाडी सबंध तिची आणि परवानगी कोणाची लागणार नाही. सॉलिसिटर म्हणाले, “मग त्यांना साक्षीदार करू नका.” मी त्यांचे आभार मानले. ते मला इंग्रजीत चांगले येते.

मी कोणाला फसवत नाही. हा सबंध कागद आज, सहीच्या आठ दिवस आधी, भावजींच्या हातात देत आहे. मराठी आहे, अक्षर मोठे आहे, नन्सनी घोटून घेतलेले आहे. त्यांनी तो वाचला, तर ते सही करणार नाहीत. तसे त्यांनी नुसते सांगावे. समोरच्या घरातले मोहन हर्डीकर यांना मी सोमवारी घरीच थांबायला सांगितले आहे, ते येऊन सही करतील, अर्धी गाडी भावजींची होईल आणि बर्मिंगहॅमच्या काचेत दिव्याखाली जाईल. माझी तक्रार नाही, शब्द पाळला गेला. त्यांनी तो वाचला नाही, तर नेहमीच्या झोकात सही ठोकतील, आणि काय सुटले ते त्यांना मागाहून दुसरा कोणीतरी सांगेल.

या दोहोंखेरीज तिसरे काही घडेल असे मला वाटत नाही. मी त्यांना पस्तीस वर्षे ओळखते. दोहोंपैकी मला काय हवे आहे, ती एकच इच्छा या इच्छापत्रात मी लिहीत नाही.

इथवर सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघे एकत्र असताना मी आधी सही केली, ती दोन्ही साक्षीदारांनी पाहिली, आणि मग माझ्या देखत त्यांनी आपापल्या सह्या केल्या.

लेस्टर, सोमवार, ३ मार्च २००८

(सही) नीना पुरुषोत्तम कारखानीस

साक्षीदार पहिल्या : (सही, गुजरातीत) हंसा रमणीकलाल मिस्त्री, शेजारी, लेस्टर

साक्षीदार दुसरे : (सही) उदय विष्णू कारखानीस, निवृत्त बँक अधिकारी, बर्मिंगहॅम

शेरा : सातव्या कलमासह सर्व मजकूर वाचून व समजून सही केली आहे. मोहन हर्डीकर यांना बोलावण्याची आवश्यकता नाही. उ. वि. का.